धाप कोठून लागते?

गेल्या रविवारी दानपेटी उघडली, तेव्हा नाण्यानोटांबरोबर वहीच्या पानाची एक घडी हाती आली. आत सातवीतल्या कोणा मुलाच्या वळणदार अक्षरात एक प्रश्न होता. रोहिणीतून शुद्ध रक्त वाहते व नीलेतून अशुद्ध, असे पुस्तकाच्या एका पानावर सांगितले आहे. पुढच्याच पानावर मात्र फुप्फुस-रोहिणीतून अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे जाते असे छापले आहे. तर फादर, चूक पुस्तकाची की माझी? खाली सही नव्हती. गुरुजींना विचारण्याचे धैर्य झाले नसावे. दानपेटी कोणावर रागावत नाही.

चूक कोणाचीच नाही, बाळ. हृदयापासून दूर जाणाऱ्या नळीस रोहिणी म्हणावयाचे आणि हृदयाकडे परत येणाऱ्या नळीस नीला, असा तो नियम आहे. आतले रक्त तांबडे आहे की काळपट, याच्याशी त्या नावांना कर्तव्य नाही. अंगभर हिंडणाऱ्या फेऱ्यात रोहिणीत तांबडे रक्त असते आणि नीलेत काळपट. हृदय व फुप्फुसे यांच्या दरम्यानच्या फेऱ्यात तेवढे उलट होते. तुझी दोन्ही पाने खरी आहेत.

एवढ्यावर हा लेख थांबला असता. पण हृदयापासून फुप्फुसापर्यंतचा हा वीतभर रस्ता आम्हांस स्वतःला नीट ठाऊक असता, तर आमच्या धर्मग्रामातील एका मुलीची दोन वर्षे वाया गेली नसती. म्हणून आज जरा विस्ताराने लिहीत आहोत. त्या मुलीकडे पुढे येऊच. आधी रस्ता पाहू.

'काळीज' या शब्दाने आपल्याकडे मोठा घोटाळा केला आहे. दुःखात फाटते ते काळीज म्हणजे हृदय. पण खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर तो यकृत कापून देतो. ज्यांच्या घरी सणासुदीला बकरा पडतो त्यांनी एकदा खाटकाकडून खरे हृदय मागून घ्यावे व धारदार सुरीने आडवे कापून पाहावे. आत खालच्या बाजूस दोन पोकळ्या दिसतील. एका पोकळीची भिंत पातळ असेल आणि दुसरीची चांगली जाड, सुमारे तिप्पट. दोहोंच्या मध्ये एक भक्कम समाईक भिंत असेल. माणसाचे हृदयही ह्याच घडणीचे असते. ते आपापल्या मुठीएवढे. उजवीकडे वर एक खोली व खाली एक, डावीकडेही तसेच. वरच्या खोल्यांस कर्णिका म्हणतात, खालच्यांस जवनिका. वरच्या खोलीतून खालच्या खोलीत जावयाचे तर वाटेत झडप आहे, आणि खालच्या खोलीतून बाहेर पडावयाचे तरी झडप आहे. सर्व झडपा एकाच दिशेने उघडतात. विहिरीवरच्या पंपाचा व्हॉल्व्ह ज्याने दुरुस्त केला आहे, त्यास अधिक सांगणे नलगे.

मग दोन भिंतींत हा जाडपातळ भेद का? कारण दोघींच्या कामांत भेद आहे. डाव्या जवनिकेला मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त लोटावे लागते. उजवीला ते फक्त शेजारच्या फुप्फुसांत पोचवावयाचे असते. एकीने पाणी माळवदावर चढवावे आणि दुसरीने शेजारच्या परसात सोडावे, तशातला हा प्रकार. म्हणून डावीकडचा दाब उजवीकडच्या पाचपट किंवा त्याहूनही अधिक असतो. मात्र एका मिनिटात जेवढे रक्त डावीकडून जाते, जवळजवळ तेवढेच उजवीकडून जाते, कारण ते एकच रक्त आहे. ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

आता फेरा असा. अंगभर हिंडून काळपट झालेले रक्त उजव्या कर्णिकेत उतरते, तेथून उजव्या जवनिकेत येते आणि तिच्या आकुंचनासरशी फुप्फुस-रोहिणीत शिरते. ही रोहिणी दोन्ही फुप्फुसांकडे फुटते, पुन्हा फुटते, आणि अखेर केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या होतात. फुप्फुस म्हणजे रिकामी पिशवी नव्हे. त्यात द्राक्षांच्या घडांसारखी वाताशयांची दाटी असते. त्यांची संख्या तीस कोटींच्या वर जाते आणि त्यांचे पापुद्रे उलगडून पसरले तर मोठ्या घराची सगळी जमीन झाकली जाईल. प्रत्येक वाताशयाभोवती केशवाहिन्यांची जाळी असते. अलीकडे हवा, पलीकडे रक्त, मध्ये कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ पडदा. रक्त तेथे पुरता एक सेकंददेखील थांबत नाही. तेवढ्या वेळात ते कार्बन डायऑक्साइड टाकते, प्राणवायू घेते, तांबडेलाल होते, आणि फुप्फुस-नीलांतून डाव्या कर्णिकेत परत येते. तेथून झडपेतून डाव्या जवनिकेत, आणि मग सर्वांगाकडे.

काळपट रक्ताला 'अशुद्ध' म्हणण्याची रीत शाळेत पडली आहे. आम्हांस ती फारशी पसंत नाही. माणूस स्वस्थ बसलेला असताना त्या रक्तातही पाऊण हिश्शाच्या आसपास प्राणवायू शिल्लक असतो. शिमग्यापर्यंत पुरून उरलेल्या धान्याच्या कणगीस कोणी रिकामी म्हणत नाही.

आकडेही पाहण्यासारखे आहेत. मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे सत्तर वेळा उडते व दर खेपेस सुमारे सत्तर मिलिलिटर रक्त ढकलते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर, आणि दिवसरात्रीत सात हजार. पंधरा लिटरची घागर धरली तर साडेचारशेहून अधिक घागरी झाल्या. तेवढे पाणी एका दिवसात ओढणारी बाई आम्ही पाहिलेली नाही. हे काम हृदय आपण झोपेत असतानाही करते.

हा साधा फेरा माणसाला समजण्यास किती काळ लागावा? दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक वैद्य गेलन याने लिहून ठेवले की हृदयाच्या मधल्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात व त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे पाझरते. गेलन थोर होता. पण ती छिद्रे त्याने पाहिली नव्हती. त्याच्या नावाच्या वजनाखाली पुढे हजाराहून अधिक वर्षे ती छिद्रे शिकविली गेली. ज्यांनी हृदय हातात घेऊन कापले, त्यांनीही छिद्र दिसत नाही तो दोष आपल्याच दृष्टीचा मानला.

प्रथम नाही म्हणाला तो कैरोचा एक मुसलमान वैद्य, इब्न अल-नफीस. सन १२४२ च्या सुमारास त्याने स्पष्ट लिहिले की भिंत भरीव आहे, दिसते किंवा न दिसते असे कोणतेच छिद्र तीत नाही, आणि रक्ताला डावीकडे यावयाचे तर फुप्फुसांतूनच यावे लागते. त्याचे हे लिखाण शतकानुशतके पोथ्यांत पडून राहिले. १९२४ साली एका इजिप्शियन डॉक्टरला बर्लिनच्या ग्रंथालयात त्याची हस्तलिखित प्रत सापडली, तेव्हा कोठे जगाला ते कळले.

युरोपात ही गोष्ट प्रथम छापली ती मायकेल सर्व्हिटस या स्पॅनिश मनुष्याने, १५५३ साली. आणि छापली कोठे? ईश्वरशास्त्रावरच्या ग्रंथात! ईश्वराने दिलेला प्राण माणसाच्या रक्तात कसा मिसळतो, हे शोधताना तो फुप्फुसांपाशी पोचला. भिंतीतून नव्हे, लांबच्या वाटेने, फुप्फुसांतून रक्त जाते व तेथेच त्याचा रंग पालटतो, असे त्याने लिहिले. त्याच ग्रंथात पवित्र त्रैक्य नाकारणारी मते होती. त्या मतांशी आमचे जुळणे शक्य नाही. परंतु पुढे जे झाले ते झाकून ठेवण्यात काही पुण्य नाही. फ्रान्समधील व्हिएन गावी आपल्याच कॅथलिक न्यायासनाने त्याला दोषी ठरविले. तो तुरुंगातून निसटला, तेव्हा त्याचा पुतळा व त्याची पुस्तके जाळण्यात आली. तेथून तो जिनिव्हास गेला. तेथे कॅल्व्हिनच्या प्रॉटेस्टंट मंडळींनी २७ ऑक्टोबर १५५३ रोजी त्याला जिवंत जाळले. त्याच्या ग्रंथाच्या तीनच मूळ प्रती आज उरल्या आहेत. सेमिनरीत असताना आम्ही हे नाव केवळ पाखंड्यांच्या यादीत वाचले होते. हृदयाशी त्याचा काही संबंध आहे, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

पुढचा भाग भरभर सांगतो. रोममध्ये शिकविणाऱ्या रेआल्दो कोलंबो याचा ग्रंथ १५५९ मध्ये निघाला. जिवंत जनावरांची फुप्फुस-नीला उघडून त्याने दाखविले की तीत हवा नसून रक्त भरलेले असते. १६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वीने सर्वांगाचा फेरा सिद्ध केला, तोही आपण वर केला तसल्याच हिशेबाने. एवढे रक्त शरीर दररोज नव्याने बनवूच शकत नाही, तेव्हा तेच फिरत असले पाहिजे. मात्र रोहिणीतून नीलेत रक्त जाते ते कोणत्या वाटेने, हे हार्वीला दाखविता आले नाही. तो वारल्यावर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि त्या केशवाहिन्या त्याला दिसल्या. हाच माल्पिगी पुढे पोप बारावे इनोसंट यांचा वैद्य झाला.

आणि गंमत अशी की हृदयाच्या भिंतीत एक खरे दार असतेच. पण ते गेलन सांगत होता तेथे नव्हे, वरच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत, आणि तेही जन्मापूर्वी. गर्भातल्या बाळाची फुप्फुसे पाण्याने भरलेली असतात. प्राणवायू मिळतो तो आईकडून, नाळेतून. तेव्हा रक्ताला फुप्फुसांकडे जाण्याचे फारसे प्रयोजनच नसते व बरेचसे रक्त त्या दारातून परस्पर डावीकडे जाते. बाळ पहिला टाहो फोडते, फुप्फुसे उघडतात, रक्त तिकडे धाव घेते, डावीकडचा दाब वाढतो आणि ते दार आपसूक लोटले जाते. बाळ रडेपर्यंत सुईण श्वास रोखून उभी असते, तेव्हा ती या फेऱ्याची सुरुवात ऐकण्यासाठी उभी असते.

आता त्या मुलीकडे येतो.

आमचे ख्रिस्तमंदिर उंचावर आहे. अठ्ठावीस पायऱ्या चढाव्या लागतात. ही अकरा वर्षांची मुलगी गायकवृंदात गाते, आवाज गोड. दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला होता. आधी एक गुडघा सुजला, तो उतरला तो घोटा सुजला, मग दुसरा गुडघा. बापाने तिला खांद्यावर घेऊन मिस्सेला आणले, तेव्हा आम्हीच म्हणालो, "अहो, वाढत्या अंगाचं दुखणं आहे, जाईल." आणि ते गेलेही. पुढे पायऱ्या चढताना तिला धाप लागू लागली. दहाव्या पायरीवर ती बसे. सर्वांनी ठरविले की दमा आहे. आजीला होता, नातीला आला. आम्ही तिच्या आईस अडुळशाचा काढा सुचविला आणि मुलीला म्हणालो, "बाय, तू सावकाश ये, आम्ही गीत उशिरा सुरू करू." आम्हांस वाटले, आपण मोठी दया केली.

यंदा नाताळाच्या आधी तिला रात्री आडवे झोपवेना. उशा रचून बसूनच झोपावे लागे. खोकल्यात गुलाबी फेस दिसला, तेव्हा आई घाबरून दवाखान्यात घेऊन आली. दवाखान्यातल्या सिस्टरांनी छातीवर नळी लावली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "फादर, हिच्या फुप्फुसात काही झालेलं नाही हो. झडप बिघडलीय." शहरात तपासणी झाली; तसेच निघाले.

आमच्या भागातला शेतकरी ही गोष्ट चटकन समजेल. पाटाचे तोंड गाळाने बुजले तर कोरडे पडते ते पुढचे शेत, पण पाण्याखाली जाते ते मागचे. डावीकडच्या दोन खोल्यांमधली झडप दुखण्याने जाड झाली, तिच्या पाती एकमेकींस चिकटल्या, वाट अरुंद झाली, की फुप्फुसांतून येणारे रक्त पुढे सरेना होते. उजवी बाजू बिचारी आपले काम करीतच असते. ती आणखी रक्त धाडीत राहते. मग रक्त फुप्फुसात तुंबते, त्यातले पाणी वाताशयांत पाझरते, आणि माणसाला धाप लागते. धाप फुप्फुसात दिसते; दुखणे हृदयात असते. आडवे झाल्यावर पायांतले रक्त छातीकडे येते, म्हणून रात्री त्रास अधिक. या झडपेस मायट्रल म्हणतात. दृढीकरणाच्या वेळी बिशप महाशयांच्या मस्तकावर जो दोन टोकांचा मायटर आपण पाहतो, त्याच्या आकारावरून हे नाव पडले आहे.

झडप बिघडते कशाने? बहुधा घशापासून. एका विशिष्ट जंतूने मुलांचा घसा येतो. दोनतीन आठवड्यांनी काहींना ऱ्हुमॅटिक ताप, म्हणजे सांधे धरणारा ताप, भरतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत तो अधिक. एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात उडी मारणारी सूज ही त्याची खूण. हा ताप सांध्यांना नुसता चाटतो, चावतो तो हृदयाला, असे डॉक्टर मंडळी म्हणतात. सांधे बरे होतात, म्हणून घरचे निश्चिंत होतात. हृदयावरचा वण राहतो. ताप पुनः पुनः आला की वण वाढत जातो.

प्रत्येक घसादुखी अशी नसते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. बहुतेक साध्या सर्दीच्याच असतात. पण सर्दीखोकला नसताना ताप आहे, घोट गिळवत नाही, गळ्याला गाठी आल्या आहेत, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. जंतूची घसादुखी ठरली तर पेनिसिलीन देतात. गोळ्या दहा दिवसांच्या असल्या तर तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या फळीवर ठेवू नयेत. आणि ज्याला एकदा सांध्यांचा ताप येऊन गेला, त्याला दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे एक इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. झडप बिघडलेल्या काहींना चाळिशीपर्यंत. त्याने बिघडलेली झडप सुधारत नाही. नवा ताप येऊन ती अधिक बिघडू नये, यासाठी ते असते. अरुंद झडप योग्य असेल तर पायाच्या नीलेतून नळी घालून, टोकाशी फुगा फुगवून रुंद करता येते; छाती उघडावी लागत नाही. ही युक्ती जपानच्या डॉक्टर इनोऊए यांनी १९८२ मध्ये प्रथम वापरली. नाहीतर शस्त्रक्रिया असते.

खरा दमाही असतो. ज्यांचे निदान झाले आहे त्यांनी हे वाचून आपली औषधे बंद करू नयेत. आमचे म्हणणे एवढेच, की नळी लावून तपासल्याशिवाय कोणाच्या धापेस नाव देऊ नये. आजीच्या दुखण्यावरून तर मुळीच नाही.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. लग्नाच्या चिठ्ठ्या आमच्याकडे येतात. मुलीच्या हृदयात दोष आहे हे माहेरचे लोक झाकतात. स्थळ मोडेल ही भीती. पण दिवस गेल्यावर बाईच्या अंगातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते. अरुंद झडपेतून तेवढे रक्त जाणार कसे? सहाव्या-सातव्या महिन्यात तिला धाप लागते, आणि सासू म्हणते, "पोटुशी बाईला लागायचीच!" अशी एक सून आम्ही पुरली आहे. बाळ जगले. डॉक्टरांना आधी ठाऊक असते तर वेळीच उपाय झाले असते, व अशा पुष्कळ स्त्रिया सुखरूप बाळंत होतात. ज्यांनी झाकले त्यांना आम्ही दोष देत नाही. ते आमच्यासमोर बसून रडले आहेत. परंतु ज्यांच्या घरी आज अशी मुलगी आहे, त्यांनी लग्नाच्या आधी डॉक्टरांशी व वराशी उघड बोलावे. आम्ही सोबत बसू.

ती मुलगी आता बरी आहे. औषधाने फुप्फुसांतले पाणी उतरले. फुग्याच्या उपायासाठी शहरात तारीख मिळाली आहे. दर एकवीस दिवसांनी ती दवाखान्यात येते. इंजेक्शन दुखते, कुल्ला दिवसभर ठणकतो, म्हणून तिसऱ्या खेपेस बाप म्हणाला, "फादर, पोर आता हसती-खेळती हाय, कशाला टोचायचं?" त्याला आम्ही दोन वर्षांपूर्वीचे आमचेच शब्द आठवून दिले. तो काही बोलला नाही. पण घेऊन आला.

पुढचे इंजेक्शन नेमके आमच्या सणाच्या दिवशी येते. दोन दिवस पुढे ढकलले तर चालेल का, असे आईने विचारले. सिस्टरांनी तिला मिस्सेच्या आधी, सकाळी साडेसहाला बोलावले आहे.